आठवीत नव्याने आलेल्या मुलीकडे जूनमध्येच लक्ष द्या



शाळा सुरू झाली की मुलींच्या हायस्कूलमध्ये आठवीच्या वर्गात दोन प्रकारच्या मुली दिसतात. काही पाचवीपासून याच शाळेत असतात, तर काही आसपासच्या गावांतून, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी करून आलेल्या असतात. हजेरीपटावर त्यांची नावं एकाखाली एक येतात, पण वर्गात त्या एकत्र नसतात. पुढचे बाक जुन्या मैत्रिणींनी आधीच धरलेले असतात आणि नव्या मुली मागे, भिंतीकडेला बसतात.

"मुलींचीच तर शाळा आहे, रुळतील आपोआप," असं आपण सहज म्हणतो. पालकही याच भरवशावर प्रवेश घेतात. मला हे पटत नाही. मुलींच्या शाळेचे फायदे आहेतच. इथे प्रयोगशाळेत मुलीच पुढे असतात, खेळाचं मैदान त्यांचंच असतं, सभेत माईकही त्याच लावतात. पण मुलींमध्येही गट असतात आणि अबोलाही असतो. "व्हय मॅडम" म्हणणाऱ्या मुलीला हसणाऱ्याही मुलीच असतात. असं दोनदा झालं की ती मुलगी तिसऱ्यांदा हात वर करत नाही.

तिच्या बाजूने जरा पाहा. गावच्या शाळेत एक-दोन गुरुजी किंवा बाई सगळे विषय शिकवायचे, तिला घरच्यांसकट ओळखायचे. इथे प्रत्येक तासिकेला नवे शिक्षक येतात आणि वर्गात पन्नास-साठ मुली असतात. त्यातून तुकडी सेमी-इंग्रजी असेल, तर तिला येत असलेलं गणितही अनोळखी वाटतं. 'अपूर्णांक' तिला येतो, पण 'फ्रॅक्शन' ऐकलं की ती गप्प बसते. आपल्याला वाटतं, पाया कच्चा आहे.

मग काय करायचं? फार मोठा उपक्रम नको. पाच साध्या गोष्टी पुरतात.

१) प्रत्येक नव्या मुलीला नववीतली एक 'ताई' द्या. ती पहिल्या नंबरचीच हवी असं नाही. ती त्याच गावची किंवा त्याच एसटीने येणारी असावी. स्वच्छतागृह कुठे आहे, पाणी कुठे प्यायचं, मासिक पाळी आली तर कोणत्या बाईंकडे जायचं, हे मुलगी आपल्याला विचारणार नाही, पण ताईला विचारेल.

२) जून-जुलैमध्ये दर आठवड्याला बाक बदला. जुन्या मुली कुरकुर करतील, करू द्या.

३) गणित आणि विज्ञानातले रोज लागणारे शब्द मराठी-इंग्रजी असे शेजारी शेजारी लिहून तक्ता वर्गात लावा. तो जुन्या मुलींकडूनच करून घ्या.

४) कोणती मुलगी कोणत्या गाडीने येते-जाते, याची यादी वर्गशिक्षकांकडे हवी. अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, पण पास असला म्हणून गाडी थांबत नाही. शाळा पाचला सुटते आणि गाडी सव्वापाचला असते. त्या दिवशी आपण जादा तास घेतला तर तिला अंधार पडल्यावर घरी पोचावं लागतं. असं दोनदा झालं की घरात "राहू दे शाळा" सुरू होतं.

५) सलग तीन दिवस गैरहजर राहिली तर घरी फोन करा. तक्रारीच्या सुरात नको. "ताई, मुलगी दिसली नाही, बरं आहे ना?" एवढंच विचारा.

काही सहकारी म्हणतील, "एवढे लाड कशाला? आम्ही शिकलोच ना अशा शाळेत!" आपण शिकलो हे खरं. पण आपल्याबरोबर आठवीत आलेल्या आणि दहावीच्या फोटोत नसलेल्या मैत्रिणी आठवून पाहा. त्या हुशारीत कमी होत्या म्हणून गळाल्या का? बऱ्याचदा कारण साधं असतं. शाळेत कुणी ओळखत नव्हतं, म्हणून न येणं सोपं गेलं. मुलगा चार दिवस घरी राहिला तर घरचे त्याला शाळेत हाकलतात. मुलगी घरी राहिली तर तिच्या हातात काम येतं, धाकटं भावंड येतं. पुढे त्याच घरात स्थळांचा विषय निघायला वेळ लागत नाही.

१८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा मुलीला शाळेच्या दारापर्यंत आणणं हीच लढाई होती. आज ती दारातून आत येते, प्रवेश मिळतो, पासही मिळतो. आत आल्यावर ती टिकते की नाही, हे आता आपल्या हातात आहे. ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंची जयंती साजरी करतो, मुली छान भाषणं करतात. पण जुलैमध्येच गळालेली मुलगी ते ऐकायला वर्गात नसते.

म्हणून उद्या हजेरी घेताना एवढं करा. नव्या मुलींच्या नावांपुढे पेन्सिलीने एक बारीक खूण करा आणि दिवसभरात त्यातल्या प्रत्येकीशी अभ्यासाशिवायचं एक तरी वाक्य बोला.