दोन आसने, पाच आसने

१९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जॅग्वार ई-टाइप या ब्रिटिश कूपेने जगाचे डोळे दिपवले. ३.८ लिटरचे इंजिन, ताशी २४० किलोमीटर वेगाचा दावा. आसने मात्र दोनच! १९९८ मध्ये दिल्लीत सादर झालेल्या, पुण्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या टाटा इंडिकाकडे ना ते सौष्ठव होते, ना तो वेग. पण तिच्यात पाच जणांचे कुटुंब सामावत असे. आरंभीच्या तक्रारींनंतर २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. पुढे २००८ मध्ये टाटांनीच जॅग्वार कंपनी विकत घेतली. नाममुद्रा विकत घेता येते. सामान्यांसाठी गाडी घडविण्याचे कौशल्य मात्र चुका सुधारत स्वतःच कमवावे लागते. इंडिकाचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. तिने दिलेला हा धडा विसरता कामा नये.