दाता पळाला, शासन कुठे आहे?

वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली आणि कल्याण-पुण्यातील तृतीयपंथीयांचे दवाखाने बंद पडले! 20 जानेवारी 2025 रोजी ट्रम्प यांनी परकीय मदत 90 दिवसांसाठी गोठवली. हैदराबादचे ‘मित्र क्लिनिक’ही 2021 पासून याच ‘यूएसएड’च्या पैशावर चालत होते. तेथे उपचार करणारे, समजावणारे त्याच समाजातले; सरकारी इस्पितळात मात्र केसपेपरच्या रांगेतच टवाळी सुरू होते. पुढे टाटा ट्रस्टच्या मदतीने हैदराबादचे केंद्र पुन्हा उघडले. म्हणजे एक दाता गेला, दुसरा आला. पण 2019 च्या कायद्याच्या कलम 15 ने एचआयव्ही केंद्रांची व उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली, ट्रस्टवर नव्हे. आम्ही दान मागत नाही. जिल्हा रुग्णालयात ही सोय कोणत्या तारखेला होणार, ते आरोग्यमंत्र्यांनी सांगावे.