मनात पाल चुकचुकते तेव्हा

मुलाला ताप आला. डॉक्टरांनी तपासले, औषध दिले आणि 'काळजीचे कारण नाही' असे सांगितले. तरीही घरी आल्यावर आईचे मन थाऱ्यावर नाही. ताप त्याला याआधीही अनेकदा आला होता. पण या वेळचे रडणे वेगळे आहे, नजर वेगळी आहे. नेमके काय वेगळे, ते तिला सांगता येत नाही. सासूबाई म्हणतात, "सूनबाई, तू उगाच घाबरतेस." नवऱ्याचेही तेच मत. आता तिने कोणाचे ऐकावे? डॉक्टरांचे, घरच्यांचे की स्वतःच्या मनाचे?

अशी वेळ कधी ना कधी प्रत्येक घरात येते. कारण सांगता येत नाही, पण मनात पाल चुकचुकत राहते. कोणी त्याला दैवी संकेत मानतो, कोणी मनाचे खेळ म्हणून झटकून टाकतो. खरी गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे.

मनाला 'कळते' कसे?

अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोघांनी १९७३ मध्ये बुद्धिबळाच्या खेळाडूंवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. खऱ्या डावातील पट केवळ पाच सेकंद दाखवला, तरी तरबेज खेळाडू बरीचशी मोहरी जागच्या जागी पुन्हा मांडत असे. नवशिक्याला ते जमत नसे. मग मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली. आता तरबेज खेळाडूची अवस्था जवळजवळ नवशिक्यासारखीच झाली! म्हणजे त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. हजारो डाव खेळून त्याच्या डोळ्यांत मांडण्यांचे नमुने बसले होते. सायमन यांच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे दुसरे काही नसून अशी ओळखच असते.

स्वयंपाकघरात हे रोज घडते. फोडणी करपायच्या बेतात आली की हाताखालचे काम टाकून गृहिणी गॅसकडे धावते. भाकरीच्या पिठात पाणी किती, हे तिला मापाने सांगता येत नाही; ते तिच्या हाताला कळते. वर्षानुवर्षे चुकून, सुधारून मिळवलेले हे ज्ञान असते. ते शब्दांत येत नाही, इतकेच.

आईच्या शंकेचे मोल

आता त्या तापाच्या मुलाकडे येऊ. बेल्जियममधील डॉक्टरांच्या दवाखान्यांत आलेल्या ३,८९० आजारी मुलांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३,३६९ मुलांचा आजार तपासणीनंतर डॉक्टरांना गंभीर वाटला नाही. तरीही यांतल्या सहा मुलांना पुढे गंभीर संसर्गामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. या ३,३६९ मुलांपैकी ४६ जणांच्या बाबतीत, वरवर सारे ठीक असूनही 'काहीतरी बिनसले आहे' असे डॉक्टरांना आतून वाटले होते. ही शंका दोन मुलांच्या बाबतीत खरी ठरली, ४४ मुलांच्या बाबतीत खोटी. आणि डॉक्टरांच्या मनात अशी शंका कशाने येत होती? मुलाची एकूण अवस्था, त्याचा श्वास आणि 'हे आजारपण नेहमीसारखे नाही' हे आईवडिलांचे म्हणणे, ही त्यांतली ठळक कारणे होती.

हे आकडे दोन गोष्टी शिकवतात. पहिली, आतली शंका बहुतेक वेळा खोटी ठरते. तरीही एखाद्या मुलाचा जीव तिच्यामुळे वाचू शकतो, म्हणून ती झटकू नये. दुसरी, उरलेल्या चार मुलांच्या बाबतीत अशी शंका आलीच नव्हती. म्हणजे मन गप्प आहे म्हणून सारे आलबेल आहे, असेही समजू नये.

मन फसवते केव्हा?

एक सोपे गणित पाहा. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपयांना मिळतात. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. मग चेंडू केवढ्याचा? 'दहा रुपये' हे उत्तर चटकन ओठांवर येते. पण चेंडू दहाचा असेल, तर बॅट ११० ची आणि बेरीज १२० होईल. खरे उत्तर पाच रुपये. चुकीचे उत्तरही किती खात्रीने आले, हे लक्षात घ्या.

माणसे पारखतानाही असेच होते. पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन १९५५ च्या सुमारास इस्रायलच्या सैन्यात होते. नव्या जवानांची मुलाखत घेऊन 'हा कसा निघेल' याचा अंदाज बांधला जाई आणि तो फारसा खरा ठरत नसे. काहनमन यांनी पद्धत बदलली. वक्तशीरपणा, मिळूनमिसळून वागणे अशा एकेका गुणाविषयी जवान पूर्वी प्रत्यक्षात कसा वागला ते विचारायचे आणि प्रत्येक गुणाला वेगळे गुणांक द्यायचे. अंदाज सुधारले. पुढे आणखी एक गंमत दिसली. सारे प्रश्न संपल्यावर डोळे मिटून मुलाखत घेणाऱ्याने मनाचा जो कौल दिला, तोही तेवढाच उपयोगी ठरला. कौल तोच, मनही तेच; फक्त तो माहितीच्या आधी नव्हे, नंतर घेतला होता.

आपल्याकडच्या 'पाहण्याच्या कार्यक्रमा'ला हे तंतोतंत लागू पडते. कांदेपोहे, चहा आणि अर्ध्या तासाच्या गप्पांवरून 'स्थळ पसंत' म्हणणे ही अंतःप्रेरणा नव्हे, तो छान कपड्यांचा आणि गोड बोलण्याचा प्रभाव असू शकतो. लग्न काही माणूस शंभर वेळा करत नाही. मग त्यात अनुभवाने नजर तयार व्हायची कशी? म्हणून आधी नोकरी, प्रकृती, स्वभाव, घरातील वागणूक यांची चौकशी करावी, मुलामुलीला एकमेकांशी मोकळेपणाने बोलू द्यावे आणि मग मनाला विचारावे. मात्र सारे जुळूनही मुलगी 'मला का कोण जाणे, नको वाटते' म्हणाली, तर तिला गप्प बसवू नये. तिच्या मनाने जे टिपले, ते कदाचित मोठ्यांच्या नजरेतून सुटले असेल.

विश्वास कधी ठेवावा?

काहनमन आणि अनुभवी लोकांच्या अंतःप्रेरणेचा अभ्यास करणारे गॅरी क्लाइन यांची मते एकमेकांविरुद्ध मानली जात. २००९ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला, त्याचे सार सोपे आहे. ज्या कामात काही नियमितपणा आहे आणि आपले बरोबर की चूक हे वारंवार कळत गेले आहे, तिथे मनाच्या कौलाला वजन द्यावे. नुसत्या खात्रीला मात्र भुलू नये.

यात आणखी एक विचार जोडावा. मनाचे ऐकून ते चुकले, तर काय बिघडेल? रात्री लिफ्टमधील अनोळखी माणसाविषयी शंका आली, तर जिन्याने जावे. फार तर पाय दुखतील. पण 'पैसे दुप्पट होतील असे मन सांगते' म्हणून आयुष्याची पुंजी लावायची असेल, तर कागदपत्रे जाणकाराला दाखवल्याशिवाय सही करू नये.

आणि ती आई? तिने मुलाला पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे आणि न संकोचता सांगावे, "डॉक्टर, हा नेहमीसारखा वाटत नाही." काही नाही निघाले, तर एक फेरी वाया जाईल. मुलाला रात्रंदिवस पाहणाऱ्या तिच्या नजरेला तेवढा मान द्यायलाच हवा.