दुसऱ्याच्या मनाला हात घालण्याचा अधिकार

शालान्त परीक्षेनंतर पुढे काय, या प्रश्नाची उत्तरे पूर्वी ठरलेली असत. अलीकडे वर्गात एक नवे उत्तर ऐकू येते : "बाई, मला समुपदेशक व्हायचे आहे." हे ऐकून आनंद होतो. मात्र त्यापाठोपाठ "सहा महिन्यांचा कोर्स आहे म्हणे" असे वाक्य आले, की मन साशंक होते.

विद्यार्थिमित्रांनो, या क्षेत्रात शिरण्याच्या वाटा एक नव्हे, अनेक आहेत, आणि त्यांच्या नावांचा घोळ पालकांनाही उमगत नाही. मनोविकारतज्ज्ञ हा प्रथम डॉक्टर असतो. साडेपाच वर्षांची एम.बी.बी.एस. आणि त्यावर तीन वर्षांची एम.डी. झाल्यावर तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्राच्या वाटेने येतो, आणि 1992 च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत त्याचे नाव असावे लागते. दीर्घकाळ ही वाट एम.ए. नंतरच्या दोन वर्षांच्या एम.फिल. मधून जात असे. 2022 च्या नियमांनी एम.फिल. मोडीत काढण्याचे ठरल्यापासून अभ्यासक्रमांची फेररचना चालली आहे. म्हणून आज आठवीत असलेल्या मुलाने थोरल्या बहिणीच्या माहितीवर विसंबू नये. प्रवेशाच्या वेळी परिषदेची यादी स्वतः पाहावी.

राहिला समुपदेशक. येथेच खरा धोका आहे. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला नियमांच्या चौकटीत आणण्याचा आरंभ केला खरा, परंतु व्यवहारात चार व्याख्याने ऐकून दारावर पाटी लावणाऱ्यास अडवणारे फारसे कोणी नाही. शिंप्याने कापड बिघडवले तर दुसरे आणता येते. आत्महत्येच्या विचारात असलेल्या मुलाला कुणी "मन खंबीर कर" एवढाच उपदेश करून घरी पाठविले, तर काय भरून आणणार?

हा वाद जुनाच आहे. 1926 मध्ये व्हिएन्नात डॉक्टर नसलेल्या थिओडोर राइक यांच्यावर भोंदू वैद्यकीचा आरोप आला, तेव्हा फ्रॉइड त्यांच्या बाजूने उभे राहिले. डॉक्टरकीच्या पदवीवाचून मनोविश्लेषण करता येईल, पण त्या विद्येच्या शिक्षणावाचून नाही, असा त्यांचा पक्ष होता. मला तो पटतो. कलाशाखेच्या मुलांनी म्हणूनच न्यूनगंड बाळगू नये. त्यांच्यासाठीही ही वाट खुली आहे, फक्त ती लांब आहे.

लांब का? कारण ऐकणे पुस्तकातून येत नाही. कार्ल रॉजर्स यांनी ओहायओ स्टेट विद्यापीठात समुपदेशनाच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकण्याचा प्रघात पाडला, आणि 1942 च्या आपल्या ग्रंथात एका संपूर्ण प्रकरणाचा शब्दशः वृत्तान्त छापला. आपण कोठे मध्येच बोललो, कोठे घाईने सल्ला दिला, हे अनुभवी व्यक्तीसमोर उघडे पडल्यावाचून सुधारत नाही. तेव्हा प्रवेश घेताना इमारत आणि शुल्क यांच्या आधी विचारावे ते हे, की प्रत्यक्ष माणसांबरोबर कामाचे तास किती, आणि त्यावर देखरेख कुणाची? पालकांनीही हिशेब मांडावा : बारावीनंतर निदान पाच-सहा वर्षे कमाई नाही. ज्या घराला हे जड जाईल, त्या घरच्या मुलाने आधी शिक्षकी किंवा समाजकार्याची पदवी घेऊन मग इकडे वळण्यात कमीपणा नाही.

आम्हां गोवेकरांना या विद्येचे एक जवळचे नाते आहे. 1756 साली कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियांनी पॅरिसमध्ये सांगितले, की संमोहनाची निद्रा प्रयोग करणाऱ्याच्या कोणत्याही चुंबकशक्तीने येत नाही. ती निद्रिताच्या स्वतःच्या मनातून येते. (पणजीचा त्यांचा पुतळा मात्र हात उगारून नेमके उलट सांगत असल्यासारखा दिसतो!) हा विचार समुपदेशकाने गाठीशी बांधावा. आणि भाषेचाही विचार करावा. हे शिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून मिळते, आमच्याकडची मुलगी मात्र मराठी शाळेत बसून कोकणीतच म्हणते, "म्हजें मन लागना." या तीन शब्दांत अभ्यासाचा कंटाळा असेल, घरातले भांडण असेल, वा खरोखरीचा आजार. त्याला घाईने एक इंग्रजी नाव चिकटविणारे पुष्कळ भेटतात. तिला "म्हणजे कशें गो?" असे विचारून पुढचा अर्धा तास गप्प बसू शकणारी माणसे आपल्या तालुक्यात फार थोडी आहेत.