पहिलेपणाची पाटी

संपादकांनी पत्रात ‘घरातल्या सर्वांना वाचता येईल असे काही तरी खुसखुशीत’ मागितले होते. खुसखुशीत मला कादंबरीतसुद्धा फारसे साधत नाही. तेव्हा फराळाच्या ताटात हे एक कारले आले आहे, असे समजून वाचकांनी चालवून घ्यावे.

वादाला सुरुवात झाली ती आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत. आम्ही पडलो कोल्हापूरकर. इथे पेठेपेठेचा संघ आहे, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे वर्गातली निम्मी पोरे देहाने बाकावर आणि मनाने तिकडे असतात. तेव्हा आमच्यात फुटबॉलवरून भांडण व्हावे यात नवल नाही. नवल एवढेच की ते एका पाकिस्तानी बॅकवरून झाले. झेश रहमान त्याचे नाव.

हा गृहस्थ १९८३ साली बर्मिंगहॅममध्ये, पाकिस्तानातून विलायतेस जाऊन राहिलेल्या कुटुंबात जन्मला. लंडनच्या फुलम क्लबात लहान वयापासून तयार झाला. इंग्लंडच्या तरुण संघांतूनही खेळला. २००४ साली त्याने प्रीमियर लीगमध्ये पाय ठेवला आणि २००५ च्या डिसेंबरात कराचीला जाऊन पाकिस्तानचा सदरा अंगात घातला. त्या दक्षिण आशियाई स्पर्धेत पाकिस्तान उपांत्य फेरीत गारद झाला. विजेतेपद भारताने मिळवले, हे आमच्या खोलीत दोनदा सांगण्यात आले.

आमचे गणिताचे सर म्हणाले, “त्यात कसलं आलंय कौतुक? इंग्लंडच्या मोठ्या संघात जागा मिळेना, म्हणून गेला पाकिस्तानात. भाडोत्री खेळाडू!”

नव्याने लागलेल्या एका बाई धीर करून म्हणाल्या, “पण सर, प्रीमियर लीगचा सामना सुरुवातीपासून खेळणारा तो पहिला ब्रिटिश आशियाई ना!”

दोघांचेही बोलणे मला झोंबले. खरे सांगायचे तर बाईंचे अधिक झोंबले. पण सरांना उत्तर देणे सोपे, म्हणून ते आधी देतो.

कोकणातला चाकरमानी गिरणगावात जन्मला, तिथेच वाढला, आणि गणपतीला गावी येऊन देवळापुढच्या नाटकात उभा राहिला, तर त्याला आपण भाडोत्री नट म्हणतो काय? उलट त्याच्यासाठी भूमिका राखून ठेवतो. बर्मिंगहॅम आणि ब्रॅडफर्ड या शहरांत कितीतरी पाकिस्तानी घरे मीरपूरकडची आहेत. साठाच्या दशकात मंगला धरणाखाली त्यांची गावे आणि शेते गेली, आणि माणसे विलायतेच्या कारखान्यांत रात्रपाळीला लागली. असल्या वस्तीत वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर रोज दोन भाषा पडतात. तो उद्या कोणाचा सदरा घालील, हे गणिताच्या सरांनी त्रैराशिकाने काढू नये. शिवाय भाडे म्हणावे तर ते दिले कोणी? घडवले फुलमने, पोसले विलायतेतल्या क्लबांनी. पाकिस्तानने दिला तो सदरा.

आता बाईंचा मुद्दा. ‘पहिला’ हा शब्द आपल्याला फार आवडतो. पहिला पदवीधर, पहिली डॉक्टरीण, पहिला अमुक, पहिली तमुक. सत्कार, हार, फोटो. पण २००४ साली कोणी ‘पहिला’ ठरत असेल, तर हार घालण्यापूर्वी विचारायला नको का, की तोपर्यंतचे बाकीचे कुठे गेले? बर्मिंगहॅमात, लेस्टरात, साउथॉलमध्ये आशियाई मुले चाळीस-पन्नास वर्षे गल्लीबोळांत चेंडू लाथाडीत होती. १९९६ साली तिकडे एक अहवाल निघाला. त्याचे नावच मुळी उपरोधाने ‘आशियाई लोकांना फुटबॉल खेळता येत नाही’ असे ठेवले होते. क्लबांची माणसे काय समजत, तर ही मुले अंगाने नाजूक, यांचे जेवण खेळाडूचे नव्हे, यांच्या आईबापांना डॉक्टर-वकील हवेत. म्हणजे न पाहताच निकाल! मुलगा मैदानात यायच्या आत त्याच्या आईच्या स्वयंपाकावर शेरा.

आणि या पहिलेपणाची गंमत पाहा. जिमी कार्टर नावाचा खेळाडू १९९२ मध्ये, प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात, आर्सेनलकडून खेळला होता. त्याचे वडील भारतात जन्मलेले. पण नाव कार्टर! नावावरून कोणी हटकले नाही, म्हणून कोणी हारही आणला नाही. त्याचा मान त्याला मिळाला तो बऱ्याच वर्षांनी. म्हणजे ही पाटी पराक्रमाला लागते, की नावाला आणि चेहऱ्याला, ते वाचकांनीच ठरवावे.

पाटी लागली आणि पुढे झेश रहमानचे झाले काय? फुलमकडून लीगचे विसाएक सामने. मग नॉरिच, क्वीन्स पार्क रेंजर्स, ब्रायटन, ब्लॅकपूल; कुठे कायम, कुठे उसनवारीवर. २००९ च्या सुमारास तो ब्रॅडफर्डला, म्हणजे चौथ्या श्रेणीत पोहोचला. तिथे पुन्हा हार तयार! इंग्लिश लीगच्या चारही श्रेणींत खेळलेला पहिला ब्रिटिश आशियाई म्हणून. वरून खाली चार पायऱ्या उतरलेल्या माणसाला प्रत्येक पायरीवर पेढा देण्यासारखेच हे झाले. मी त्याला कमी लेखत नाही, हे कृपा करून ध्यानात घ्यावे. मी स्वतः तरुणपणी तालमीच्या संघात बॅकला उभा राहिलो आहे (खेळलो असे म्हणण्याचे धाडस नाही). बॅकचे दुःख मला ठाऊक आहे. फॉरवर्डने दहा संधी घालवून एक गोल केला की त्याची मिरवणूक. बॅकने दहा गोल वाचवून एकदा पाय चुकला, की रात्री चहाच्या गाडीवर त्याच्या सात पिढ्या. असल्या धंद्यात हा माणूस पुढे थायलंडात मुआंगथाँगकडे गेला, हाँगकाँगात किचीकडे खेळला, मलेशियात पहांगकडे गेला, आणि २०१४ साली त्या संघाने मलेशिया चषक जिंकला. मग पुन्हा हाँगकाँग, आणि नंतर प्रशिक्षकाचे काम. मध्यंतरी लहान मुलांना खेळाकडे वळवण्यासाठी त्याने स्वतःच्या नावाची एक संस्थाही काढली. चौथ्या श्रेणीवर ज्याची गोष्ट संपली असे लोक म्हणत होते, त्याने ती आणखी दहा-बारा वर्षे ओढत नेली. सत्कार करायचा तर या चिवटपणाचा करा.

आणि ज्या देशासाठी तो खेळला, त्याने काय केले? सियालकोटात साऱ्या जगासाठी फुटबॉल शिवतात. एके काळी लहान मुले ते शिवीत बसत. १९९७ साली अटलांटात करार होऊन ते थांबवण्याचा प्रयत्न सुरू झाला. २०१४ च्या विश्वचषकाचे चेंडू सियालकोटहून गेले. चेंडू गेला, संघ नाही गेला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला एक, फक्त एक सामना जिंकायला पाकिस्तानला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. तोवर तिथले फुटबॉलचे कारभारी खुर्च्यांसाठी इतके भांडले, की जागतिक संघटनेने त्यांना २०१७ मध्ये निलंबित केले, २०२१ मध्ये पुन्हा केले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आणखी एकदा! बॅकने गोल वाचवायचे कसे? याच्या मागे गोलकीपर होता. त्याच्याही मागे कचेरी होती, आणि गोल तिथूनच होत होते.

इथे आमचे गणिताचे सर खुदकन हसले. मी म्हटले, “सर, हसू नका. २०२२ च्या ऑगस्टात आपल्याही संघटनेला त्यांनी निलंबित केलं होतं. दहा-बारा दिवसांत उठलं ते, एवढंच.” सर चष्मा पुसू लागले.

२०२३ चा तो सामना इस्लामाबादला कंबोडियाशी झाला. एक गोल, तोही इंग्लंडात जन्मलेल्या हारुन हमीदचा. संघात इसाह सुलेमान नावाचा बॅक होता. हाही बर्मिंगहॅमचाच. २०१७ साली इंग्लंडच्या एकोणीस वर्षांखालील संघाने युरोपचे अजिंक्यपद मिळवले, तेव्हा अंतिम सामन्यातला एक गोल त्याचा. इंग्लंडच्या तरुण संघाचे नेतृत्व करणारा आशियाई वंशाचा ‘पहिला’ खेळाडू म्हणून त्याचाही सत्कार झालेला. झेश रहमाननंतर इतकी वर्षे गेली, आणि तरीही पाटी तीच, फक्त नाव बदलले! वाट रुळली असती, तर दुसऱ्याला, तिसऱ्याला, दहाव्याला कोणी मोजले नसते. आमच्या पेठेत चांगला बॅक निघाला, तर तो कितवा हे कोणी विचारते काय? विचारतात ते एवढेच, की पोरगा कोणाचा आणि चेंडू पाडतो कसा.

बाई गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “सर, तुमच्याच वर्गाचा शुक्रवारचा खेळाचा तास गेल्या वर्षी गणिताला दिला होता ना?”

इतका वेळ मी इंग्लंडवर आणि पाकिस्तानवर बोट रोखून बसलो होतो. दिला होता. एक नव्हे, सलग चार महिने दिला. चाचणीचे निकाल खाली आले होते, वर्गशिक्षक मी, आणि गणिताच्या सरांनी तास मागितला. माझ्या वर्गात तेव्हा एक मुलगा होता. अंगाने किरकोळ, डबा रोज उशिरा यायचा, कधी यायचाच नाही. पण चेंडू त्याच्या बाजूने पुढे जात नसे. तालमीत कुठे तरी घालू या त्याला, असे कोणी म्हणाले, तेव्हा मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते. मी म्हणालो, “त्याची प्रकृती पाहिलीत का? आधी त्याला पास होऊ दे.” त्याला खेळताना मी दोनदाच पाहिले होते, तेही खिडकीतून. १९९६ च्या त्या अहवालातल्या क्लबवाल्यांनी तरी यापेक्षा वेगळे काय म्हटले होते?

तो पास झाला. आता दुसऱ्या शाळेत आहे. खेळतो की नाही, हे मी विचारलेले नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचे वेळापत्रक करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला मी शाईने ‘खेळ’ असे लिहिले आहे. गणिताचे सर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी चकलीचा डबा पुढे करून म्हणाले, “निदान एक आड एक शुक्रवार?” मी चकली घेतली आणि नाही म्हणालो. मुख्याध्यापकांची सही अजून व्हायची आहे.