घरच्या कार्डावरचे फूल



दुकानात शुभेच्छापत्रांची फळी असायची तेव्हा तिच्यावर दिवाळी, नाताळ, वाढदिवस सारे मिळे. 14 एप्रिलचे किंवा बुद्ध पौर्णिमेचे कार्ड मागितले की दुकानदार नकारार्थी मान हलवी. आता ती फळीच बहुतेक दुकानांतून गेली आणि मोबाईलवर एकच चित्र पन्नास जणांकडून येते. कोणी पाठवले हेही संध्याकाळी आठवत नाही. म्हणून वाईत आम्ही मुलांना कार्डे हातानेच करायला सांगतो.

कार्ड पाठवायला आपल्याकडे दिवसांची वाण नाही. 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, त्यांचे नायगाव तर शेजारच्या खंडाळा तालुक्यातच आहे. 14 एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि 14 ऑक्टोबर सर्वांना ठाऊक आहेत. 7 नोव्हेंबर मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. 1900 साली त्या दिवशी लहानगा भिवा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. 2017 पासून राज्यात हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या वस्तीतल्या पहिलीच्या मुलाला त्या दिवशी स्वतःच्या नावाचे एक कार्ड मिळाले तर त्याला किती आनंद होईल!

सामानाचा हिशेब आधी सांगतो. कार्डपेपरचा पूर्ण ताव 22 बाय 28 इंचांचा असतो. त्याचे 11 बाय 7 इंचांचे आठ तुकडे पडतात, कणभरही वाया जात नाही. तुकडा मधोमध दुमडला की साडेपाच बाय सातचे कार्ड तयार. फुलांसाठी शाळेच्या कार्यानुभवात वापरतात तो घोटीव कागद घ्यावा. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजूही चांगली, फक्त ती जाड असल्याने घडी घालून कापता येत नाही; पुठ्ठ्याचा नमुना ठेवून गिरवावी लागते. कचेरीतला कोरा कागद मात्र घरी आणू नये. हे मी कारकून म्हणून सांगतो आहे.

आता फुलाकडे वळू. बहुतेक मुली पहिल्यांदा गुलाब काढतात, कारण बाजारातल्या कार्डांवर त्यांनी तोच पाहिलेला असतो. गुलाबाशी आपले वैर नाही. पण आपल्या कार्डाला कमळ अधिक शोभते, आणि तेही वरून पाहिलेले, गोल. सांची आणि भारहुतच्या स्तूपांच्या कठड्यांवर शिल्पकारांनी असेच गोल कमळ कोरले आहे, पाकळ्यांच्या एकात एक रांगा. सपाट दगडावर जे जमले ते सपाट कार्डावरही जमते. बाजूने पाहिलेले कमळ कागदात उभे करायला जावे तर ते पाकिटात चेपते.

सहा, पाच आणि चार सेंटिमीटरचे तीन चौकोन कापावेत. प्रत्येकाची आधी मधोमध घडी, पुन्हा मधोमध आणि मग कोपऱ्यातून तिरपी घडी घालावी. हाती त्रिकोण येतो. त्याच्या मोकळ्या बाजूला एका पाकळीचे टोकदार शेंडे काढून कापावे. मात्र घडीच्या टोकाकडचा तिसरा हिस्सा शाबूत ठेवावा, नाहीतर पाकळ्या सुट्या होऊन हाती येतात. उलगडले की आठ पाकळ्या.

इथपर्यंत सगळे करतात. पण हे फूल अजून कागदच असते, चिकटवले की स्टिकरसारखे दिसते. त्याला आकार द्यायचा तर खाली मऊ काहीतरी हवे. बाजारात यासाठी मऊ गादी आणि गोळी बसवलेली काडी मिळते म्हणतात. आम्ही जुन्या रबरी चपलेचा तळ धुऊन घेतो आणि चमच्याच्या दांड्याचे गोल टोक वापरतो. पाकळी तळव्यावर ठेवून शेंड्याकडून आत असे गोल गोल घासावे. दाबाने कागदाचे तंतू ताणले जातात आणि पाकळी वाटीसारखी वर उचलते. जोर एकदम लावू नये, कागद फाटतो. पाचसहा वेळा हलक्या हाताने घासलेली पाकळी महिनोन्‌महिने आकार सोडत नाही. सर्वांत मोठ्या थराच्या पाकळ्यांचे शेंडे उलट बाजूने घासले की ते जरा बाहेर झुकतात आणि फूल उमललेले दिसते. शेवटी प्रत्येक थराच्या मध्यावर एकदा दाबावे.

थर फक्त मध्यभागी चिकटवायचे. वरच्या थराची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीवर यावी. मैद्याची खळ चालते, पण पातळ नको, रंग उतरतो. शिवाय खळीला कसर लागते, म्हणून जपून ठेवायच्या कार्डाला फेव्हिकॉलचा ठिपका बरा. मध्याला थोडा डिंक लावून हळदीत घोळवलेला रवा टाकावा. हळदीचा रंग उन्हात उडतो, तेव्हा कार्ड खिडकीत ठेवू नये. आठाचे तीन थर म्हणजे चोवीस पाकळ्या. मुले लगेच म्हणतात, सर, अशोकचक्राच्या आऱ्या! मी हो म्हणतो. पण प्रत्येक आकड्यातून ओढूनताणून अर्थ काढत बसू नये. घडी तीनदा घातली म्हणून आठ पाकळ्या झाल्या, इतकेच.

दुसरे फूल आपल्या डोंगरातले आहे, कारवीचे. महाबळेश्वर-पाचगणीच्या उतारांवर ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि डोंगर निळा-जांभळा होतो. सह्याद्रीतल्या गरिबांनी कारवीच्या काठ्यांचे कूड लिंपून घरे उभी केली. त्या झुडपाचे फूल कुठल्याच विकतच्या कार्डावर मी पाहिलेले नाही. निळ्या कागदाचे वर्तुळ कापून त्याचा चतकोर घ्यावा, गोल कडेला पाच कंगोरे कापावेत, शंकूसारखा गुंडाळून चिकटवावा आणि कंगोरे झाडूच्या काडीवर बाहेर वळवावेत. अशी तीन फुले एकाशेजारी एक आडवी लावली की बस्स. बोधिपर्ण तर सर्वांत सोपे: कागद दुमडून अर्धे पान कापायचे, शेपटासारखे लांब टोक विसरायचे नाही, आणि शिरा संपलेल्या बॉलपेनने ओढायच्या.

एका उपासिकेने विचारले, एवढी सुंदर कमळे झाली आहेत, ती विहारात बुद्धमूर्तीपुढे का वाहू नयेत? माझे मत, वाहू नयेत. पुष्पपूजेच्या गाथेचा आशयच असा की हे फूल जसे कोमेजते तसा हा देहही नाशाकडे जातो. न कोमेजणारे फूल हाती घेऊन ती गाथा म्हणायची कशी? वंदनेला ताजे फूल, मग ते अंगणातले तगरीचे एक असले तरी पुरे. कागदाचे फूल माणसाने माणसाला द्यावे.

इतर देशांतल्या धम्मबांधवांची रीत वेगळी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. जपानमध्ये काही विधींत कमळाच्या पाकळीच्या आकाराचे कागद उधळतात. कोरियात बुद्धजयंतीला घरोघरची माणसे कागदाच्या पाकळ्या चिकटवून कमळाचे कंदील करतात; तिथल्या त्या दीपोत्सवाला युनेस्कोने 2020 साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. श्रीलंकेत वेसाकला कागदी कंदील लावतात आणि एकमेकांना कार्डे पाठवतात. म्हणजे आपल्या मुली चपलेच्या तळव्यावर जे करतात ते काही फावल्या वेळचे खूळ नव्हे.

कार्डे विकायची असतील तर मजुरीही धरावी. कागदाचे पैसे तेवढे मोजून कार्ड देणे म्हणजे घरच्या बाईचा वेळ फुकट धरणे. तीन थरांच्या फुलाला किती वेळ लागतो तो एकदा घड्याळ लावून पाहावा आणि किंमत त्यावरून ठरवावी.

टपालाने पाठवायचे तर बोधिपर्णाचे कार्ड निवडावे. उठावाचे कमळ शिक्क्याखाली चेपते, ते हातानेच नेऊन द्यावे. आणि पाकिटावरचा पत्ता नीट पाहावा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. तरीही अनेक घरांतली मोठी माणसे सवयीने जुनेच नाव सांगतात आणि मूल ते तसेच उतरवते. एवढे मन लावून केलेल्या कार्डाच्या पाकिटावर ते नाव जाता कामा नये. वस्तीचे नवे नाव लिहावे, खाली मुक्काम वाई, जिल्हा सातारा, पिनकोड 412803. मागच्या बाजूला पाठवणाऱ्या मुलीचे पूर्ण नाव असावे, तिच्या स्वतःच्या अक्षरात.