शंका आली म्हणजे श्रद्धा गेली का?

लेक्चर संपताना सर नेहमी विचारतात, "एनी डाऊट?" आणि आपण सगळे माना खाली घालतो! पण निदान विचारतात तरी. देवाधर्माच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

मी खर्ड्याचा. खर्डा म्हटलं की लोकांना भुईकोट किल्ला आणि १७९५ ची मराठे-निजाम लढाई आठवते. पण आमच्या नगर जिल्ह्याची आणखी एक ओळख आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे १८३१ पासून सुरू झालं आणि गावोगावी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. त्या घरांतली मुलं आज इंजिनिअरिंगला येतात, तेव्हा बॅगेत बायबल असतं आणि डोक्यात प्रश्न असतात. पुनरुत्थान खरंच झालं का? एवढी प्रार्थना करूनही पाऊस का पडत नाही? आणि सगळ्यात बोचणारा प्रश्न हॉस्टेलवर दुसरेच कुणीतरी विचारतात, "तुमचे पणजोबा दुष्काळात भाकरीसाठीच ख्रिस्ती झाले ना?"

अशा वेळी मुलाची दोन्हीकडून कोंडी होते. घरी बोलावं तर "कॉलेजात गेला आणि बिघडला." मित्रांत बोलावं तर "पटत नाही ना, मग सोडून दे की!" मग तो गप्प बसतो. माझ्या मते खरा धोका शंकेचा नाही, या गप्प बसण्याचा आहे.

आपल्याच जिल्ह्याचा इतिहास बघा. फुलांमुलांचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला मिशनचं काम केलं. पण लक्ष्मीबाई नवऱ्याच्या पाठोपाठ ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, मग त्याच्या घरी परतूनही आपलं सोवळं-ओवळं पाळत राहिल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला आणि मगच, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? 'स्मृतिचित्रे' वाचा म्हणजे कळेल. आणि स्वतः टिळक? मंडळीचं रूप इथल्या मातीतलं असावं असं त्यांना वाटत होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ताला मात्र सोडलं नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल आणि चर्चच्या अधिकाराबद्दल त्यांनी तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून चांगलाच वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरायला त्या तयार नव्हत्या. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झालं. देव जवळ नाही ही भावना त्यांना अनेक वर्षं छळत होती आणि तरीही त्या रोज कामाला जात होत्या.

आता पणजोबांबद्दल. समजा, ते भाकरीसाठी गेले. उपाशी माणसाने भाकरी घेतली तर त्यात लाज कसली? ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्यांना माणूस म्हणून हाक मारणारं कुणीतरी भेटलं, हेही कारण असेल. पण पणजोबांचं कारण हे माझं कारण होऊ शकत नाही. वारशाने आलेली श्रद्धा लक्ष्मीबाईंसारखी स्वतः पडताळावी लागते, तेव्हाच ती आपली होते. सिव्हिलवाल्यांना हे लगेच पटेल. २८ दिवसांनी आपण काँक्रीटचा क्यूब मशीनमध्ये घालून फोडतो, ते काही बिल्डिंग पाडायची म्हणून नाही!

मात्र पडताळणी प्रामाणिक हवी. नुसतं "सगळं थोतांड" म्हणणं ही शंका नव्हे, तो आळस आहे. शुभवर्तमान मुळातून वाचा. विरोधात लिहिलेलंही वाचा. समजूतदार पाळकांना गाठून स्पष्ट विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत हातातलं चांगलं काम थांबवू नका. आमच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० मध्ये आलं. गावातल्या, बहुतेक अल्पशिक्षित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. दुष्काळ का पडतो याचं धर्मशास्त्रातलं उत्तर मिळेपर्यंत ते थांबले असते, तर किती बाळंतिणी आणि लेकरं दगावली असती!

थोमाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. जखमांना हात लावल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही, असं तो म्हणाला. पण एक गोष्ट आपण विसरतो. येशू त्याला भेटला तो आठ दिवसांनी. ते आठ दिवस थोमा बाकीच्या शिष्यांतच होता. त्याला कुणी हाकललं नाही आणि तोही उठून गेला नाही.

आपल्या मंडळ्यांनी, घरांनी आणि मित्रांनी एवढे आठ दिवस प्रत्येकाला द्यायला हवेत. कुणाचे आठ दिवस आठ वर्षांचेही होतील. नीट शोध घेऊन कुणी वेगळ्या निष्कर्षाला पोचला, तरी तो आपलाच माणूस राहिला पाहिजे. तेव्हा रूममेट रात्री दिवा मालवल्यावर हळूच म्हणाला, "यार, देव खरंच असेल का रे?" तर लगेच प्रवचन सुरू करू नका आणि थट्टाही करू नका. दिवा लावा, चहा टाका आणि त्याचं ऐकून घ्या.